नाताळचा तवा

आत्याबाई, तुमची शाल माझ्याकडे राहिली आहे.

तुमची शवपेटी बंद करायच्या आधी मर्सीताईंनी सगळं घर पालथं घातलं. कपाट झालं, ट्रंक झाली, गच्चीवरची दोरी झाली. "आईची जांभळी शाल कुठं हाय? आई तिच्याबिगर झोपत न्हाय," असं म्हणत तुमची लेक या खोलीतून त्या खोलीत फिरत होती. पाळकसाहेब दारात उभे राहून घड्याळाकडे बघत होते. शेवटी कुणीतरी कोरी पांढरी चादर आणली आणि तुम्हाला त्यातच न्यावं लागलं. शाल कुठे आहे हे खरं तर मला आठवायला हवं होतं, पण त्या सकाळी मला माझं नावही आठवत नव्हतं. संध्याकाळी सगळे कबरस्तानातून परत आले, मी चहाचं आधण ठेवायला स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याखालचं पातेलं दिसलं. शाल त्याला गुंडाळलेली होती. तुम्हीच आदल्या दिवशी तुमच्या हातानं गुंडाळली होती. आतलं पीठ फुगून झाकण उचलून बाहेर आलं होतं आणि शालीवर वाळून बसलं होतं.

दुसऱ्या कुठल्या घरात असं होईल, सांगा. आंबोळीच्या पिठाला थंडी वाजू नये म्हणून शाल पातेल्याला, आणि जिची शाल ती तशीच मातीत. मला हसू आलं, आत्याबाई. ओट्याशी खाली बसून मी तोंडाला पदर लावून हसले, आणि मग ते हसू कधी रडण्यात गेलं ते कळलं नाही. मर्सीताई धावत आल्या. त्यांना वाटलं, सून सासूसाठी रडते आहे. ते होतंच. पण खरं सांगते, त्या वेळी मी जास्त त्या पिठासाठी रडत होते. पीठ फुगलं होतं, आणि पीठ फुगल्यावर तुम्ही मला एक उत्तर देणार होता.

लग्न होऊन या घरात आले तेव्हा तुम्ही मला पहिल्यांदा सांगितली ती या घराची नाताळची रीत. आपलं घर चर्चच्या मागच्या गल्लीत. तुमच्या सासूबाईंच्या काळात नाताळच्या उपासनेला चंदगड, गारगोटीकडून माणसं पहिल्या एसटीनं यायची, पोरंबाळं घेऊन, थंडीत कुडकुडत, उपाशी. त्या म्हाताऱ्या बाईनं एकदा दार उघडलं आणि चार माणसांना गरम आंबोळ्या घातल्या, तेव्हापासून ते दार नाताळच्या सकाळी उघडंच आहे. "त्या रात्री देवबाळाच्या आईबापाला गावात कुनी आत घेतलं न्हाय. आपल्या दारातनं त्या दिवशी कोन उपाशी जायाचं न्हाय," हे तुम्ही इतक्यांदा सांगितलं की माझ्या पोरीला ते पाळण्यातच पाठ झालं असेल. अंधारातच बिडाचा तवा चढवायचा आणि शेवटचा पाहुणा उठेपर्यंत तो थंड होऊ द्यायचा नाही. पहिली आंबोळी दारात जो पहिला येईल त्याची, मग तो आपल्यातला असो की पत्ता विचारायला आलेला असो. मोठ्यांना मटणाचा रस्सा, पोरांना गूळ घातलेला नारळाचा रस. आणि गार आंबोळी कुणाच्या ताटात पडता कामा नये.

एवढं सगळं तुम्ही सांगितलं. एक गोष्ट सांगितली नाहीत. रस्सा आदल्या दिवशी करून ठेवता येतो, रसही ठेवता येतो, पण आंबोळी तव्यावरून थेट ताटातच जावी लागते. म्हणजे कुणीतरी तव्यापाशी उभं राहावंच लागतं. उपासनेच्या आधी येणारे येतात, नंतर येणारे येतात, आणि त्या दोहोंच्या मध्ये चर्चमध्ये जी उपासना होते ती तव्यावरच्या बाईसाठी नसते.

लग्नानंतरच्या पहिल्या नाताळला मी मोरपंखी साडी नेसून, केसात शेवंती माळून तयार झाले होते. मलकापूरच्या आमच्या छोट्या चर्चमध्ये नाताळचं पहिलं गीत मी उचलायची. वडील हार्मोनियमवर असायचे, मी सुरुवात केली की मागून सगळी मंडळी उभी राहायची. इथलं एवढं मोठं दगडी चर्च, इथं गायला कसं वाटेल याचा विचार करत मी रात्रभर जागी होते. सकाळी तुम्ही माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलंत आणि म्हणालात, "साडी झ्याक हाय. पदर खोच, तेल उडंल."

मी पदर खोचला. तो अजून खोचलेलाच आहे.

तुमच्यावर राग धरावा तर तेही पुरतं जमत नव्हतं, हीच तर माझी अडचण. तुम्ही मला तव्यावर उभं करून स्वतः पाय पसरून बसला असता तर मी कधीच भांडून मोकळी झाले असते. पण तुम्हीही आत माझ्याबरोबरच असायचात. गुडघे धरून स्टुलावर बसायचं, चटणीला खोबरं खवायचं, लसूण सोलायचा, "निर्मले, तवा धुरावला बघ," म्हणून ओरडायचं. आणि घंटा झाली की उठून, भिंत धरत धरत, चर्चच्या बाजूची खिडकी उघडायची. बाहेरची थंडी सरळ अंगावर यायची. मी म्हणायचे, "आत्याबाई, गारठा येतोय." तुम्ही म्हणायचात, "धूर जाऊ दे." धूर एवढा कुठला, आत्याबाई? त्या खिडकीतून पहिलं गीत आत यायचं. मी तव्याकडे बघत बारीक आवाजात त्यात आवाज मिसळायची, आणि तेवढा वेळ तुमच्या हातातली खवणी थांबायची. दुसऱ्या कडव्याला मी पुढची आंबोळी घालायची, तव्याचा चर्र आवाज व्हायचा आणि गीत बुडून जायचं.

या खिडकीबद्दल आपण कधी बोललो नाही. माझ्या गळ्याबद्दल तर तुम्ही माझ्यासमोर अवाक्षर काढलं नाहीत. शेजारच्या बाईंना मात्र सांगितलंत, "आमच्या निर्मलेचा गळा गोड हाय. पर तोंड उघडून भांडाय लागली की तो कुठं जातोय कुनास ठाऊक." त्या बाईंनी पहिला अर्धा मला सांगितला आणि दुसरा अर्धा हसत हसत सगळ्या गल्लीला.

भांडायचे मी, हे खरं. शाळेत दिवसभर चाळीस पोरांना गप्प बसवायचं आणि घरी येऊन आपण गप्प बसायचं, असं माझ्याच्यानं होत नसे. दरवर्षी नाताळ जवळ आला की मी एक नवीन तोडगा काढायची आणि तुम्ही तो मोडायचात. मी म्हटलं, दोन तवे लावू, काम लवकर होईल. तुम्ही म्हणालात, दोन तव्यांवर एक बाई म्हंजे दोनी आंबोळ्या करपणार. मी न चिकटणारा नवा तवा आणला. तुम्ही तो उलटसुलट करून बघितलात, "हलका हाय," म्हणालात आणि दुसऱ्या दिवसापासून पिठाच्या पातेल्यावर झाकण म्हणून ठेवायला लागलात. मी म्हटलं, एक वर्ष इडल्या मागवू बाहेरून. त्या दिवशी तुम्ही माझ्याशी दिवे लागेपर्यंत बोलला नाहीत. मी म्हटलं, तुमच्या मुलाला उभं करा तव्यावर. त्यावर तुम्ही एवढं हसलात की तुम्हाला ठसका लागला.

एकदा मी रडकुंडीला येऊन, चर्चला तुमचाच शब्द वापरून, म्हणाले, "आत्याबाई, मला एकदा तरी देवळात बसू द्या की हो नाताळचं." तेव्हा तुम्ही म्हणालात, "देव काय देवळातच बसलाय व्हय? हितं तव्याम्होरं यायला त्याला रस्ता गावत न्हाय?" मी म्हटलं, "मग येऊ दे की. आला तर दोन आंबोळ्या घाल म्हणावं, मी तेवढ्यात गीत म्हणून येते." तुम्ही तोंडावर हात घेतलात. देवाची थट्टा केली म्हणून रागवाल असं वाटलं, पण तुमचे खांदे हलत होते. पाटा पुढे ओढून तुम्ही मला पाठमोऱ्या झालात आणि पाट्यावर काही नसतानाही बराच वेळ नुसता वरवंटा फिरवत बसलात.

मग ती संध्याकाळ. नवा तांदूळ आला होता. नव्या तांदळाची आंबोळी तव्याला चिकटते, म्हणून जुना किती घालायचा हे बघायला तुम्ही दरवर्षी नाताळच्या आठवडाभर आधी थोडं पीठ करून बघायचात. वाटून झालं, उडीद-मेथी घालून तुम्ही हातानं पीठ फेटलंत. मधेच थांबून तुम्ही दम घेतलात. मी म्हटलं, "मी फेटते," तर हात झटकलात. तुम्ही पातेलं ओट्याखाली सरकवलंत आणि अंगावरची शाल काढून त्याला गुंडाळायला लागलात, आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी तोडगा न काढता सरळच बोलले.

"आत्याबाई, यंदा मी तव्यावर उभी राहणार नाही. मी देवळात जाणार आहे. काय करायचं ते तुम्ही ठरवा."

तुम्ही शालीची गाठ मारलीत. नीट बसली का ते बघितलंत. मला वाटलं, आता आवाज चढेल. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत, नुसतं म्हणालात, "बगू. सकाळी पीठ फुगलं की बोलू."

सकाळी पीठ फुगलं. तुम्ही उठला नाहीत.

माणूस गेलं की त्याच्याशी भांडता येत नाही, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. तुम्ही 'न्हाय' म्हणाला असता तर मी हट्टानं गेले असते. 'व्हय' म्हणाला असता तर नाचत गेले असते. पण तुम्ही मला मधेच उभं करून गेलात, आणि आता विचारायचं कुणाला? घरात जो येईल तो तुमचे गुण गातो. पाळकसाहेब कबरेपाशी सासू-सुनेच्या प्रेमावर बोलले, सगळे माझ्याकडे बघून मान हलवत होते. मलाच वाटायला लागलं की आपण भांडत होतो ते दुसऱ्याच कुणाच्या तरी घरात.

दफनानंतर तिसऱ्या दिवशी सगळे बसले होते. नाताळ तोंडावर आलेला. कुणीतरी म्हणालं, यंदा घरात दुःख आहे, साधंच असू दे. मी चहाचा ट्रे धरून दारात उभी होते. खोटं कशाला बोलू, माझ्या छातीवरून एक ओझं उतरलं. उपासनेला जायचं, मागच्या बाकावर बसायचं, तुमच्यासाठी रडायचं, एवढंच मनात आलं. तेवढ्यात तुमचे धाकटे दीर बोलले. काका कधी हळू बोलतात का? "असं कसं? वैनींनी जलमभर केलंय. त्यांच्या आठवणीसाठी तर करायलाच पायजे की! सूनबाई हाय न्हवं!" झालं. सगळ्यांच्या माना हलल्या. कुणी डोळे पुसले. माझ्याकडे कुणी बघितलंही नाही, सगळे कपासाठी हात पुढे करत होते. तुमचा मुलगा म्हणाला, "आईला बरं वाटंल." मेलेल्या माणसाला बरं वाटण्यासाठी जित्या माणसानं किती करायचं असतं, हे विचारायची ती वेळ नव्हती.

तुम्ही होता तोवर मी तुमच्या हुकुमात होते. आता तुमच्या आठवणीच्या हुकुमात. हुकूम मोडता येतो, आत्याबाई, निदान मोडायची भाषा तरी करता येते. आठवणीपुढे तेवढंही चालत नाही. तुम्ही गेल्यावर तो तवा दुप्पट जड झाला.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी मी तांदूळ वाटला. शाल दोनदा धुतली होती, तरी तिला आंबूस वास येतच होता. पातेल्याला काहीतरी गुंडाळायला हवं म्हणून मी हात पुढे केला, तो शालीवरच गेला. घरात चादरी काय कमी होत्या? पण हाताला सवय झालेली असते. पीठ असं फुगलं की तुम्ही बघायला हवं होतंत. मला त्या पिठाचाही राग आला.

अंधारात दार उघडून ठेवलं, तवा चढवला, कांद्याची फोड तेलात बुडवून फिरवली. दारात पहिले आले ते चंदगडचे बाबा, तुमच्या माहेरच्या गावचे. दरवर्षी येतात तसे, पहिल्या एसटीनं, पिशवीत दोन नारळ आणि काजूची पुडी घेऊन. त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. आपल्या कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

"सलाम, सूनबाई! आक्का कुठं हाईत? आज आवाज न्हाय."

मी पहिली आंबोळी ताटात घालून आणली होती. ती हातात तशीच धरून मी त्यांना सांगितलं. ते मटकन खाली बसले. बराच वेळ पिशवीचे बंद नुसते चाळवत राहिले. आंबोळीवरची वाफ कमी होत चालली तसा माझा जीव वर-खाली व्हायला लागला. बघा, तुम्ही मला कसं करून ठेवलंय! समोर म्हातारा माणूस डोळे पुसतोय आणि मला आंबोळी गार होण्याची काळजी. मी म्हटलं, "बाबा, खावा. गार खाल्लेलं त्यांना चालत नव्हतं." त्यांनी एक तुकडा मोडला. मग म्हणाले, "इतकी वर्सं आलो, पर आक्का कदी माज्यासंगं बसल्या न्हाईत. दरसाल म्हनायच्या, तुमी खावा, मी मागनं खातो."

मागनं तुम्ही काय खायचात ते मला माहीत आहे. मीही तेच खाते. दुपार व्हायला आली की तव्यावरून उतरलेल्या फाटक्या, कडेच्या, करपलेल्या ज्या काही आंबोळ्या उरायच्या त्या ताटलीखाली झाकून ठेवलेल्या असायच्या. तोवर त्या चामड्यासारख्या झालेल्या असायच्या. रश्श्यात बुडवून त्या आपण दोघी ओट्याशी उभ्याउभ्या खायचो. तेव्हा तुम्ही मोठ्यानं सुस्कारा सोडायचात आणि म्हणायचात, "झाला गं बाई नाताळ."

घंटा झाली. मी खिडकी उघडली नाही. यंदा मला ते गीत ऐकायचंच नव्हतं. बंद काचेतून तरी ते आलंच थोडं, सूर नुसता, शब्द नाहीत. मी एकामागून एक आंबोळ्या घालत राहिले. कुणाला वाढत होते कुणास ठाऊक, बाहेर तेव्हा कुणी नव्हतं.

मग उपासना सुटली आणि घर भरलं. काका, काकांची सुना-नातवंडं, गल्लीतली माणसं, कोण कुठली पोरं. सतरंज्यांवर ओळी बसल्या. तुमचा मुलगा ताटं नेत होता, "दोन आण, चार आण," म्हणून ओरडत होता. तुमच्या फोटोला हार घातला होता आणि येईल तो फोटोसमोर दोन मिनिटं थांबून मग जेवायला बसत होता. मर्सीताई गारगोटीहून आल्या होत्या, चर्चमधूनच थेट, नव्या साडीत. त्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. आत येईनात, बाहेर जाईनात.

"वैनी, एक सांगू? रागवू नगा."

मी आंबोळी उलटली.

"आईनं त्या संध्याकाळी मला फोन केलता. म्हनली, यंदा तव्यावर मी बसतो स्टूल घिऊन. निर्मलेला देवळात जाऊ दे. तिला म्होरल्या बाकावर बसव, दाराजवळ बसवू नगंस, न्हाईतर आंबोळ्या आठवल्या की पळत यील." ताई तव्याकडे बघत होत्या. "मी म्हनलं, आई, तुजं गुडघं बघ आदी. तर म्हनली, गुडघ्याचं माझं मी बघतो. तिला आत्ता सांगू नगं, मीच सकाळी सांगतो, तिचं तोंड बघायचं हाय मला."

त्या सकाळी माझं तोंड कसं झालं असतं, आत्याबाई?

मी उलथण्यानं आंबोळीची कड दाबली. मग मी विचारलं, "ताई, हे आत्ता का सांगताय? उपासना सुटल्यावर?"

त्यांनी खाली बघितलं. तुमची लेक खोटं बोलत नाही, तेवढं तुम्ही तिला शिकवलंय. म्हणाल्या, "आदी सांगितलं असतं तर तवा कुनी घेतला असता, वैनी?"

मला वाटलं होतं, मी किंचाळेन. नाही किंचाळले. मी तुमच्यावर इतकी वर्षं धरलेला राग एकदम कुठे ठेवायचा हेच मला कळेना. तुम्ही हो म्हणाला होतात. त्या गुडघ्यांवर उभं राहायला तयार झाला होतात. आणि ते हो माझ्यापर्यंत आलं तेव्हा चर्च झाडून कुलूप लावलेलं होतं आणि तुम्ही मातीत होता, शालीशिवाय. म्हणजे मला तव्यावरून मोकळं करणारं एकच माणूस होतं, आणि तेच गेलं होतं. बाकी सगळे बाहेर ताटं घेऊन बसले होते.

मी तव्यावरची आंबोळी काढून ताटात घातली. उलथणं ओट्यावर ठेवलं. गॅस बंद केला नाही, तवा थंड होऊ द्यायचा नाही एवढं मी पाळलं. खोचलेला पदर सोडला. पातेल्याभोवतीची शाल सोडून खांद्यावर घेतली, एक रिकामं ताट घेतलं आणि बाहेर जाऊन चंदगडच्या बाबांच्या शेजारी सतरंजीवर बसले. बाबा थोडे सरकले.

तुमचा मुलगा म्हणाला, "अगं, बसलीस काय? काकांना आणखी एक पाहिजे."

"मला पण पाहिजे," मी म्हटलं. "गरम."

"मग तव्यावर कोण आहे?"

"कोणी नाही."

काकांचा घास हातात राहिला. एक बाई म्हणाली, "बरं वाटत न्हाय काय, बाई?" मी म्हटलं, "बरं वाटतंय. भूक लागली आहे." सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कुणी उठेना. आतून धुराचा वास यायला लागला. तवा धुरावला होता, आणि 'निर्मले' म्हणून ओरडणारं कुणी नव्हतं. मी जागची हलले नाही. हलले नाही म्हणते, पण माझे पाय आपोआप उठायला बघत होते, मी ते मांडीखाली दाबून धरले होते. शेवटी मर्सीताईंच्या बांगड्या वाजल्या आणि तव्यावर चर्र असा आवाज झाला.

पहिली चिकटली. खरवडल्याचा आवाज बाहेरपर्यंत आला. दुसरीचंही तेच झालं असावं. मग तुमचा मुलगा आत गेला, दोघांचं काहीतरी खुसफुसत भांडण झालं, आणि तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातातल्या उलथण्यावर एक आंबोळी होती. तो ती तशीच माझ्या ताटात घालायला वाकला आणि ती मधून फाटली. सगळी माणसं माझ्या ताटाकडे बघत होती.

जाताना काकांनी नेहमीसारखं मोठ्यानं विचारलं, "फुडल्या नाताळाला येऊ न्हवं, सूनबाई?" नाही म्हणायला तोंड उघडलं होतं मी. समोर तुमचा फोटो. मी म्हटलं, "बगू. पीठ फुगलं की बोलू." त्यांना काही कळलं नाही. मला तरी कुठे कळलंय? वर्षभरानं मी पुन्हा तिथेच उभी असेन, पदर खोचून, असं मला आत्ता तरी वाटतंय. तुमचं ते 'व्हय' मी किती दिवस पुरवणार?

पण एक गोष्ट सांगायची म्हणून हे लिहायला बसले. तुम्ही जन्मभर आंबोळ्या घातल्यात, पण नाताळच्या सकाळी स्वतः बसून एकही खाल्ली नाहीत, म्हणून सांगते. कडेला करपली होती. मधे जराशी कच्ची होती. मीठ तर मीच जास्त घातलं होतं. बोटं भाजत होती आणि मोडली की आतून वाफ तोंडावर येत होती, आणि तुमच्या शालीचा वास आणि त्या वाफेचा वास एकच होता.

फार छान लागते, आत्याबाई. गरम असली की फार छान लागते.